दुपारच्या कार्यक्रमांचे घड्याळ : तिकोणा पेठ आणि मराठी दूरचित्रवाणी

स्वयंपाक, घराची मांडणी, आरोग्य, साड्या-दागिने, सणवार आणि मुलांचे संगोपन या विषयांवरचे जे कार्यक्रम मराठी वाहिन्या दिवसा दाखवत आल्या, त्यांचा इतिहास सहसा सूत्रसंचालकांच्या आणि पाककृतींच्या नावांनी सांगितला जातो. त्या इतिहासातली निर्णायक गोष्ट मात्र वेळ ही आहे. कार्यक्रम किती वाजता लागतो, त्या वेळी घरात कोण असते, तिचे हात रिकामे असतात का आणि घरात वीज असते का, या चार प्रश्नांनी या कार्यक्रमांचे नशीब ठरवले. मुंबई-पुण्याच्या सदनिकेतून पाहिले तर हे सहज ध्यानात येत नाही. मावळातल्या तिकोणा पेठेसारख्या गावाच्या अंगाने पाहिले की लगेच येते.

तिकोणा पेठ ही तिकोणा ऊर्फ वितंडगड या किल्ल्याच्या पायथ्याची वस्ती. जवळचे रेल्वे स्थानक कामशेत. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोणा या चार किल्ल्यांच्या मधल्या खोऱ्यात पवना नदी वाहते आणि सत्तरीच्या दशकारंभी तिच्यावर बांधलेल्या धरणाचे पाणी आता या खोऱ्यात पसरलेले असते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हे चारही किल्ले मोगलांना द्यावे लागले होते, इतके हे खोरे जुन्या राजकारणात महत्त्वाचे होते. इथले पीक भात. इंद्रायणी हे आज महाराष्ट्रभर ओळखले जाणारे वाण मावळातल्याच वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झाले.

भाताच्या गावाचे घड्याळ शहराच्या घड्याळाहून वेगळे चालते. उन्हाळ्यात राब भाजणे, जूनमध्ये पेरा, पाऊस लागला की चिखलणी आणि लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि झोडणी. लावणीच्या दिवसांत बाई सकाळी भाकऱ्या थापून खाचरात उतरते ती दिवस मावळताना परतते. तिला दुपार अशी नसतेच. कापणी उरकल्यानंतर, साधारण डिसेंबरपासून पुढे, तीच बाई जेवणे आटोपून, भांडी घासून दोनच्या सुमारास ओट्यावर टेकते आणि चार-साडेचारला गोठ्याची कामे सुरू होईपर्यंत तिला थोडी उसंत मिळते. शहरातल्या गृहिणीची दुपार वर्षाचे बारा महिने जवळपास तशीच असते: डबे गेले, मुले शाळेत गेली, दीड ते चार हा वेळ तिचा. मराठी वाहिन्यांनी कार्यक्रम आखले ते या दुसऱ्या दुपारसाठी.

घरगुती सल्ल्याची भूक मात्र दूरचित्रवाणीपेक्षा कितीतरी जुनी आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० मध्ये निघाले. किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक १९३० पासून शहरी मध्यमवर्गीय घरांत वाचले जाई आणि कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून लग्न ठरलेल्या कितीतरी मुलींच्या सामानात जागा मिळवली. छापलेल्या मजकुराला वेळापत्रक नसते. रात्री अकरालाही तो वाचता येतो. त्याची अट एकच होती, अक्षरओळखीची, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मावळच्या खेड्यांतल्या बहुसंख्य स्त्रियांना ती अट बाहेरच ठेवत होती.

ती अट पहिल्यांदा काढली रेडिओने. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राचा ‘वनिता मंडळ’ हा स्त्रियांसाठीचा कार्यक्रम दुपारी लागे आणि पुढच्या सगळ्या दुपारच्या कार्यक्रमांचा साचा त्यातच होता: एखादी पाककृती, एखाद्या डॉक्टरांची मुलाखत, एखादी कथा, थोडे संगीत आणि बोलणारीचा घरगुती सूर. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. तीनच वर्षांनी, १९५६ मध्ये, युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने ग्रामीण श्रोतेमंडळांचा जो प्रयोग केला तो जगभर अभ्यासला गेला. पुण्यासह पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत मंडळे नेमली गेली, अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ यांनी त्याचे मूल्यमापन केले. प्रयोग यशस्वी ठरला. पण कार्यक्रम संध्याकाळी होते, शेतावरून परतलेल्या पुरुषांच्या सोयीने. त्याच वेळी गावातली बाई चुलीपुढे असे. खेड्यातल्या श्रोत्याचा विचार करताना पुरुष श्रोता गृहीत धरायचा, ही सवय प्रसारणाला तेव्हापासूनच लागली.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच दिवशी इंग्लंडमध्ये बीबीसीने ‘पेबल मिल ॲट वन’ हा दुपारी एकचा कार्यक्रम बर्मिंगहॅमहून सुरू केला. योगायोगच, पण दोन्ही देशांतला फरक दाखवणारा. ब्रिटनमध्ये प्रसारणाच्या तासांवर सरकारी मर्यादा होती. युद्धोत्तर काळात तर संध्याकाळी सहा ते सात हा तास मुद्दाम रिकामा ठेवत, आयांना लहान मुले झोपवता यावीत म्हणून. ती रिकामी वेळ १९५७ मध्ये भरली गेली, तासांवरची मर्यादा १९७२ मध्ये उठली आणि मग दुपार मोकळी झाली. स्वयंपाक, बागकाम, पाहुण्यांच्या गप्पा आणि गाणी असा ‘पेबल मिल’चा मासला होता, तो १९८६ पर्यंत चालला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बीबीसीने दिवसभराचे सलग प्रसारण सुरू केले आणि १९८८ मध्ये आयटीव्हीवर ‘धिस मॉर्निंग’ आले. निवृत्त माणसे, पाळीत काम करणारे कामगार, तान्ह्या बाळांच्या आया, आजारी माणसे असा तिथला दिवसाचा प्रेक्षक. म्हणून पुढे तिथे जुन्या वस्तूंचे लिलाव, घरखरेदी, खेड्यात घर शोधणे अशा कार्यक्रमांचे पीक आले: पाहणाऱ्याला घाई नाही आणि मध्येच उठून गेले तरी धागा सुटत नाही.

मुंबई दूरदर्शनला दिवसाचे प्रसारण नव्हते. संध्याकाळचे मोजके तास होते. त्या तासांतच ‘आमची माती आमची माणसं’ शेतकऱ्यांसाठी, ‘कामगार विश्व’ कामगारांसाठी, ‘किलबिल’ मुलांसाठी आणि ‘सुंदर माझं घर’ गृहिणींसाठी. ‘सुंदर माझं घर’ हा मराठी दूरचित्रवाणीवरच्या घरगुती कार्यक्रमांचा खरा पूर्वज. त्यातली विषयांची निवड साधी आणि उपयोगी होती आणि मांडणीत दिखाऊपणा नव्हता. त्याची अडचण वेळेची होती. घराचे सौंदर्य सांगणारा कार्यक्रम बरोबर त्या वेळी लागे जेव्हा घर चालवणारी बाई संध्याकाळच्या स्वयंपाकात गुंतलेली असे. ज्या घरांत स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली शेजारी होती तिथे तो कानांनी पाहिला गेला.

पुणे जिल्ह्यात मुंबईचे कार्यक्रम सिंहगडावरच्या सहक्षेपण मनोऱ्यावरून पोचत. दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की चित्र अडते. मावळ हा डोंगरांचा मुलूख, त्यामुळे एका वाडीत चित्र स्वच्छ आणि पलीकडच्या वाडीत नुसत्या मुंग्या, असा प्रकार होई. उंच बांबूवर अँटेना चढवून ती फिरवत बसणारा मुलगा हे तेव्हाच्या खेड्यातले नेहमीचे दृश्य. संच मोजके, बहुधा ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा एखाद्या बऱ्या परिस्थितीच्या घरी. ग्रामपंचायतीच्या संचापुढे बसणारे प्रामुख्याने पुरुष आणि मुले. स्त्रिया जमल्या तर दाराशी, उभ्याने, आणि त्या चित्रपटाच्या दिवशी.

विजेचा प्रश्न याहून जुना आणि अधिक कडू आहे. लोणावळ्याच्या परिसरात अडवलेल्या पाण्यावर टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज देऊ लागले. शेजारच्या मुळशीत धरणासाठी गेलेल्या जमिनींवरून १९२१ मध्ये सत्याग्रह पेटला. मावळ-मुळशीच्या पाण्याने मुंबई उजळली तेव्हा याच डोंगरांतल्या गावांत रॉकेलच्या चिमण्या होत्या आणि पुढची कित्येक दशके त्या तशाच राहिल्या. पवना धरणात जमिनी गेल्या त्या पिढीनेही जवळपास तोच अनुभव घेतला; त्या धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडकडे गेले. मुंबईत तयार झालेला कार्यक्रम तिकोण्याच्या पायथ्याशी पोचण्यात जो उशीर झाला त्याचे मूळ या व्यवहारात आहे.

भारतात दुपारचे प्रसारण आले ते शिक्षणाच्या वाटेने. विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी वर्गाचे कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ पासून दिवसा दाखवले जाऊ लागले. सकाळचे राष्ट्रीय प्रसारण १९८७ मध्ये आणि दुपारचे २६ जानेवारी १९८९ रोजी सुरू झाले. दुपारचा प्रेक्षक म्हणजे घरात असलेली स्त्री, हे समीकरण त्यानंतर पक्के झाले. १९९४ मध्ये दूरदर्शनवर दुपारी आलेल्या ‘शांती’ने आणि पुढच्या वर्षीच्या ‘स्वाभिमान’ने सिद्ध केले की ही बाई रोज, ठरल्या वेळी, नेमाने बसते. मराठीत तीच गोष्ट ‘दामिनी’ने दाखवली. मराठीतली ही पहिली दैनंदिन मालिका. पत्रकार नायिका आणि रोजचा भाग यांनी तिने कितीतरी घरांतली दुपारची झोप मागेपुढे केली.

या यशाने घरगुती कार्यक्रमांपुढे एक पेच उभा केला आणि तो पुढे कधीच सुटला नाही. दुपारची बाई गोष्टीसाठी बसते की माहितीसाठी? जाहिरातदारांना दोन्ही चालत. गोष्ट रोज पाहावी लागते, माहिती नाही. म्हणून प्रेक्षकसंख्येत गोष्ट जिंकते. पण माहितीचा कार्यक्रम स्वस्त पडतो: एक स्वयंपाकघराचा देखावा, एक सूत्रसंचालक, दिवसाला अनेक भागांचे चित्रीकरण, आणि तेल, मसाले, भांडी यांचे प्रायोजक. दुपारच्या वेळेचा दर कमी असतो, म्हणून स्वस्त कार्यक्रमालाच तिथे जागा मिळते. ब्रिटनमध्येही हिशेब हाच होता.

वाहिन्या वाढल्या तशी या जागेसाठी स्पर्धा वाढली. दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी १९९४ मध्ये आली आणि २००० मध्ये तिला सह्याद्री हे नाव मिळाले. अल्फा टीव्ही मराठी, म्हणजे आजची झी मराठी, १९९९ मध्ये आणि ई टीव्ही मराठी २००० मध्ये सुरू झाली. सह्याद्रीने ‘हॅलो सखी’ हा दूरध्वनीवरून थेट संवादाचा कार्यक्रम चालवला. पडद्यावरच्या डॉक्टरांना किंवा वकिलांना घरबसल्या प्रश्न विचारता येणे ही फार मोठी गोष्ट होती. ज्या दुखण्याविषयी घरात बोलायचे नाही आणि दवाखान्यात जायला सोबत लागते, त्याविषयी अनोळखी आवाजात विचारता येई. मराठी दिवसाच्या कार्यक्रमांतले हे सर्वांत मोलाचे काम आणि ते सरकारी वाहिनीने केले, हे नोंदवायला हवे.

खाजगी वाहिन्यांनी करमणुकीचा भाग वाढवला. ई टीव्ही मराठीवर विष्णू मनोहर यांच्या ‘मेजवानी’ने पाककृतींचा कार्यक्रम वर्षानुवर्षे रोज चालू शकतो हे दाखवले. झी मराठीवर २००७ मध्ये ‘आम्ही सारे खवय्ये’ सुरू झाले आणि प्रशांत दामले यांच्या गप्पांनी त्याला नाटकाच्या रंगमंचाची लय दिली. त्यात पदार्थ करणाऱ्या पुष्कळजणी साध्या घरांतून आलेल्या असत. दामले चूक दाखवत नसत, चव घेऊन दाद देत. स्वतःच्या स्वयंपाकाला घरात क्वचितच कोणी दाद देतो, अशा प्रेक्षकवर्गाला ती दाद स्वतःला मिळाल्यासारखी वाटे. या कार्यक्रमाच्या आकर्षणाचा गाभा पाककृतीहून अधिक त्या दादेत होता.

‘होम मिनिस्टर’ २००४ मध्ये आला आणि २०२२ पर्यंत चालला. त्याची वेळ संध्याकाळची, पण दिवेलागणीच्या आसपासची, म्हणजे दुपार संपते आणि रात्रीच्या मालिका सुरू व्हायच्या असतात त्या सांध्यावरची. ही वेळ फार विचाराने निवडलेली होती: घरातली मोठी माणसे परतू लागलेली, चहा झालेला, रात्रीचा स्वयंपाक अजून चढायचा. सूत्रसंचालक आदेश बांदेकर घरी जाऊन सुनेला आणि सासूला समोरासमोर बसवत, खेळ घेत आणि जिंकणारीला पैठणी देत. कॅमेरा चाळीत, वाड्यात, छोट्या गावांतल्या घरांत शिरला. दूरचित्रवाणीवर आपल्यासारखे घर, आपल्यासारखी भिंत, आपल्यासारखाच लाजणारा नवरा दिसणे ही मराठी प्रेक्षकाला नवी गोष्ट होती. शेजारपाजारच्या बायका कार्यक्रमात गोळा होत, त्यामुळे हळदीकुंकवाची रीत पडद्यावर आली आणि ती ओळखीची असल्यानेच गावोगावी रुजली. पुढे गणेशोत्सवात आणि राजकीय पक्षांच्या मेळाव्यांत त्याच धर्तीचे पैठणीचे खेळ भरू लागले, मावळातही.

हे सगळे चालू असताना ग्रामीण महाराष्ट्र अंधारात होता. वाढत्या मागणीपुढे निर्मिती पुरेनाशी झाली, दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला आणि दशकाच्या मध्यापासून भारनियमन कमालीचे वाढले. खेड्यांत दिवसातले कित्येक तास वीज नसे आणि हे तास बहुधा दिवसाचे असत. वर्तमानपत्रांत भारनियमनाचे वेळापत्रक छापून येई आणि ते आठवड्यागणिक बदले. त्यामुळे गावातल्या प्रेक्षक स्त्रीला दोन वेळापत्रके जुळवावी लागत, वाहिनीचे आणि वीज कंपनीचे. दुपारचा कार्यक्रम सोमवारी दिसला तर मंगळवारी दिसेलच असे नव्हते. महावितरणने पुढे गावठाणाच्या आणि शेतीपंपांच्या वीजवाहिन्या वेगळ्या करण्याचे काम हाती घेतले. अक्षय प्रकाश योजनेत गावांनी संध्याकाळी पंप बंद ठेवायचे आणि त्या बदल्यात घरांना दिवे मिळायचे, असा सौदा होता. या योजनेने वाचवली ती संध्याकाळ. दुपार तशीच राहिली. खेड्यात संध्याकाळच्या मालिका घट्ट रुजल्या आणि दुपारचे घरगुती कार्यक्रम तेवढे रुजले नाहीत, याचे मोठे कारण इथे आहे. स्त्रियांच्या आवडीनिवडीत ते शोधण्याची गरज नाही.

वाहिन्यांना ही उणीव जाणवली नाही, कारण ती मोजलीच जात नव्हती. प्रेक्षकसंख्येची तेव्हाची मापने शहरांतल्या घरांवर आधारलेली होती. मावळच्या वाडीत कोणी काय पाहते याचा आकडा कुणाकडे नव्हता, म्हणून तिच्यासाठी वेळ बदलण्याचे कारणही कुणाला नव्हते. भातलावणीच्या महिन्यात दुपारचा प्रेक्षक निम्मा झाला असता तरी मुंबईच्या कार्यालयात ते कळले नसते. ग्रामीण घरांचे आकडे ऑक्टोबर २०१५ पासून प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेच्या मापनात येऊ लागले. तोवर दूरदर्शनची मोफत डिश सेवा, जी डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली होती, खेड्यांतल्या पत्र्यांवर आणि कौलांवर पोचली होती. सिंहगडाचा मनोरा दिसतो की नाही हा प्रश्न संपला. तबकडी आकाशाकडे वळवली की डोंगराचा अडसर बहुतेक ठिकाणी दूर झाला.

पण खेडे मोजणीत आले तेव्हा त्या खेड्याची दुपार बदललेली होती. पवना खोऱ्यात हरितगृहांतली गुलाबशेती वाढली; फेब्रुवारीत परदेशी जाणाऱ्या फुलांची तोडणी, प्रतवारी आणि बांधणी यांत स्त्रियांचे हात मोठ्या संख्येने आहेत आणि ते काम घड्याळाच्या पाळीने चालते. धरणाकाठी तंबू आणि शेतघरे आली. तिकोण्यावर चढायला येणाऱ्यांसाठी पायथ्याच्या घरांत पिठले-भाकरी, चहा-पोहे होऊ लागले. शनिवार-रविवारची दुपार ही इथल्या कितीतरी बायकांची सर्वांत गर्दीची वेळ. शहरात बाई नोकरीमुळे दुपारी घरी नसते, हे वाहिन्यांना ठाऊक होते. खेड्यातली बाईही आता दुपारी रिकामी नाही.

वाहिन्यांनीही दुपारचा हिशेब बदलला. आदल्या रात्रीच्या मालिकांचे पुनःप्रक्षेपण हा सर्वांत स्वस्त माल; संध्याकाळी भाग चुकलेल्या बाईला तो हवाच असतो, म्हणून दुपारचा मोठा वाटा त्याने घेतला. त्यानंतर नव्या मालिकाच दुपारी येऊ लागल्या. स्टार प्रवाहची ‘मुरांबा’ ही २०२२ मध्ये दुपारच्या वेळेत सुरू झालेली मालिका चांगली चालली, तेव्हा ‘शांती’ने अठ्ठावीस वर्षांपूर्वी दाखवलेली गोष्ट पुन्हा सिद्ध झाली. स्वयंपाकाचे आणि घरगुती सल्ल्याचे कार्यक्रम यातून कडेला सरकले.

सल्ल्याची गरज मोबाइलवर गेली. २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि ‘मधुराज रेसिपी’सारख्या मराठी यूट्यूब वाहिन्यांना प्रचंड प्रेक्षक मिळाला. चुलीवरचा स्वयंपाक दाखवणाऱ्या खेड्यांतल्या वाहिन्याही निघाल्या. ज्या बाईसाठी मुंबईहून कार्यक्रम बेतला जात नव्हता, तिच्यासारखीच बाई आता स्वतःच्या परसात उभी राहून शहराला भाकरी कशी थापायची ते दाखवते. हे पाहायला दुपार लागत नाही. गोठ्यातून आल्यावर, मुले झोपल्यावर, केव्हाही पाहता येते, आणि अर्थ लागला नाही तर मागे जाऊन पुन्हा पाहता येते.

थेट प्रश्न विचारण्याची सोय मात्र या नव्या माध्यमात तितकीशी आली नाही. यूट्यूबवर लिहावे लागते, आणि उत्तर देणारा डॉक्टर आहे की नाही याची खात्री नसते. सह्याद्री वाहिनीने ‘सखी सह्याद्री’ आणि ‘हॅलो डॉक्टर’ या कार्यक्रमांतून जुनी पद्धत पुढे चालवली आहे: तज्ज्ञ समोर, दूरध्वनी क्रमांक पडद्यावर आणि प्रश्न विचारणारीचे फक्त नाव आणि गाव.